विद्यार्थ्यांचें दान

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. प्रसंग क्षुल्लक खरा; परंतु त्याच्या योगानें आम्हांस आमच्या तीस-पस्तीस वर्षांच्या मास्तरकीचा हिशेब पुन्हा एकदां तपासून पाहावा लागला, म्हणून तो वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहों.

आमची कन्या कित्येक वर्षें कॅनडांत असते. तिकडील शाळांना उन्हाळ्याची सुटी जुलै-ऑगस्टांत पडते, त्यामुळें आमची बारा वर्षांची नात सुटींत आमच्याकडे राहावयास आली होती. आल्याच्या दुसऱ्याच दिवशीं तिनें बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा धुऊन-पुसून फळीवर ठेविला, त्याच्या झांकणाला नाणें जाईल एवढी चीर पाडून घेतली, आणि ती स्वयंपाकघरांत जाऊन म्हणाली, "आजी, मला कांहीं काम दे ना. पण कामाचे पैसे द्यावे लागतील हं!" आजीनें हंसत हंसत देवघरांतलीं तांब्या-पितळेचीं उपकरणीं तिच्यापुढें मांडलीं. पोरीनें चिंच लावून ताम्हन, पळी, पंचपात्र आणि समया अशा लखलखीत केल्या कीं, आमच्या घरांत त्या इतक्या उजळ आम्हीं बरेच दिवसांत पाहिल्या नव्हत्या. तिनें दहा रुपये मागून घेतले व डब्यांत टाकले. दुसऱ्या दिवशीं अंगण झाडून झालें, तिसऱ्या दिवशीं आमचीं पुस्तकें उन्हांत घालून झालीं. प्रत्येक कामाचे दहा रुपये, त्यांत कमी नाहीं व अधिकहि नाहीं.

चौकशी करतां कळलें कीं, कंबोडिया देशांत जमिनींत पेरलेल्या सुरुंगांनीं ज्यांचे पाय गेले अशा मुलांसाठीं निधि जमविण्याचें तिच्या वर्गानें मनावर घेतलें आहे. नियम दोनच : आणलेला पैसा स्वतःच्या कष्टाचा असावा, आणि तो कशासाठीं हवा हें देणाऱ्यास समजावून सांगितलेलें असावें. आम्हांस कौतुक वाटलें. आम्हीं पांचशे रुपयांची नोट काढून तिच्यापुढें धरली. तिनें ती घेतली नाहीं. "आजोबा, ह्यासाठीं मी काय केलं? आणि तुम्ही तर मला सुरुंग म्हणजे काय, तेंसुद्धां विचारलं नाहीं!"

आम्ही ओशाळलों. नोट खिशांत ठेविली आणि तिला जवळ बसवून विचारलें. तिनें जें सांगितलें तें आम्हीं ऐकलें. जें तिला ठाऊक नव्हतें तें पुढें आम्हीं वाचून काढलें. तो वृत्तांत असा आहे.

कंबोडिया म्हणजे प्राचीन कंबुज देश. बाराव्या शतकांत बांधलेलें अंगकोर-वाटचें प्रचंड विष्णुमंदिर ज्या भूमींत उभें आहे तीच ही भूमि. तेथें १९७० पासून यादवी माजली. १९७५ ते १९७९ पर्यंत ख्मेर रूज ह्या पक्षाची भयंकर राजवट झाली. पुढें व्हिएतनामचें सैन्य आंत शिरलें आणि लढाई रेंगाळत राहिली. सर्वच पक्षांनीं सुरुंग पेरले. विशेषतः सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, सरहद्दीलगत शत्रूचा मार्ग रोखण्यासाठीं १९८० नंतरच्या दशकांत सुरुंगांचा एक लांबच लांब पट्टाच तयार करण्यांत आला. १९९१ सालीं पॅरिस येथें तह झाला. शिपाई घरोघर परतले. सुरुंग मात्र परतले नाहींत. त्यांना तह कळत नाहीं. तोफेला गोलंदाज लागतो, बंदुकीला नेम धरणारा लागतो. सुरुंगाला कोणीच लागत नाहीं. पेरणारा मरून गेला तरी तो वर्षानुवर्षें जागा असतो, आणि अखेर त्यावर पाय पडतो तो बहुधा शेतकऱ्याचा, गुराख्याचा, किंवा सरपण वेंचणाऱ्या पोराचा.

१९७९ पासून ह्या एका लहानशा देशांत सुमारें ६५,००० माणसें सुरुंगांनीं व न फुटतां राहिलेल्या दारूगोळ्यानें जखमी झालीं वा मेलीं. त्यांपैकीं मेलेलीं वीस हजारांच्या आसपास आहेत. १९९६ ह्या एका वर्षांत अशीं चार हजारांहून अधिक माणसें सांपडलीं होतीं. २०२३ सालीं हा आंकडा ३२ वर आला. हा फरक आपोआप झालेला नाहीं. माणसांनीं गुडघे टेकून, हातभर जमीन तपासावयाची व मग पुढें सरकावयाचें, अशा रीतीनें तो घडवून आणला आहे. एक सुरुंग विकत घेण्यास तीन डॉलर्सहि पुरतात, पण तोच शोधून काढण्यास तीनशेंपासून हजार डॉलर्सपर्यंत खर्च येतो, असा संयुक्त राष्ट्रांचा एके काळचा अंदाज होता. पेरणें किती स्वस्त आणि उपटणें किती महाग, हें ह्यावरून कळेल.

ह्या कामीं मनुष्याला जनावरांनींहि साह्य केलें आहे. टांझानिया देशांत 'अपोपो' नांवाची संस्था मोठ्या जातीच्या आफ्रिकन उंदरांना स्फोटक द्रव्याचा वास ओळखावयास शिकविते. उंदीर वजनानें हलका, त्यामुळें त्याच्या पायाखालीं सुरुंग उडत नाहीं. आणि त्याला गंजक्या लोखंडाशीं कर्तव्य नसल्यामुळें त्याचा वेळहि फुकट जात नाहीं. मागावा नांवाच्या अशा एका उंदरानें कंबोडियांत ७१ सुरुंग व ३८ इतर स्फोटक वस्तु शोधून काढल्या, आणि २०२० सालीं ब्रिटनमधील एका प्राणिसेवा-संस्थेनें त्याला सुवर्णपदक दिलें. तो २०२२ च्या जानेवारींत वारला. हें ऐकून आमच्या घरांतील मंडळींना गणपतीच्या वाहनाची आठवण झाल्यावांचून कशी राहील?

पण जमीन निर्धोक झाली म्हणजे काम संपलें असें नव्हे. ज्याचा पाय गेला त्याचें काय? येथें नातीनें आम्हांस एक प्रश्न घातला. "आजोबा, दहा वर्षांच्या मुलाचा पाय गेला, तर त्याला जन्मभरांत किती पाय लागतील?" आम्हीं म्हटलें, एक, फार तर दोन. ती म्हणाली, "पंचवीस!"

आम्हांस तें खरें वाटेना. पण रेडक्रॉसच्या लोकांनीं मांडलेला हिशेब तसाच आहे. मोठ्या माणसाचा कृत्रिम पाय तीन ते पांच वर्षें टिकतो. मूल मात्र वाढत असतें. जसा आपण मुलांचा सदरा दरवर्षीं एक बोट मोठा शिवतों, तसा त्याचा पायहि सहा महिन्यांनीं, फार तर वर्षानें, नवा करावा लागतो. शिवाय तुटलेल्या पायांतील हाड भोंवतालच्या मांसापेक्षां लवकर वाढतें व कातडीला आंतून टोंचूं लागतें, त्यामुळें कित्येक मुलांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग येतो. म्हणजे ज्यानें एकदां पाय दिला, त्यानें दिलें खरें. पण त्या मुलाची गरज भागली ती सहा महिन्यांपुरती. ह्या एका गोष्टींतच आमच्या सांगण्याचें सार आहे. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊं.

आतां विद्यार्थ्यांनीं काय केलें तें पाहूं. १९९२ सालीं सहा संस्थांनीं मिळून सुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय चळवळ सुरू केली. पांच वर्षांनीं, १९९७ च्या डिसेंबरांत, कॅनडाची राजधानी ओटावा येथें १२२ राष्ट्रांनीं सुरुंगबंदीच्या करारावर सह्या केल्या. त्याच वर्षीं ह्या चळवळीला व तिच्या चालक जोडी विल्यम्स ह्यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. चळवळीच्या वतीनें तें स्वीकारण्यास जे गेले त्यांत दोन्ही पाय गमावलेले कंबोडियाचे टुन चन्नारेथ हे होते. त्याच देशाची सोंग कोसल नांवाची मुलगी, जिचा पाय अगदीं बालपणीं सुरुंगानें नेला, कुबडीच्या आधारानें देशोदेशींच्या सभांतून उभी राहिली, आणि पुढें ह्या चळवळीची तरुणांतील दूत झाली. मोठमोठ्या मुत्सद्द्यांचीं भाषणें ज्यांना हलवूं शकलीं नाहींत, त्यांना ह्या मुलीच्या उभें राहण्यानें हलविलें.

करारानंतर कॅनडांत शाळाशाळांतून ह्या विषयावर बोलण्यासाठीं तरुण मुलामुलींना मुद्दाम तयार करण्यांत आलें. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया ह्या डोंगराळ संस्थानांतल्या विद्यार्थ्यांनीं आपली स्वतंत्र संघटना काढली. त्यांनीं नुसती वर्गणी जमविली नाहीं, तर राजधानीस जाऊन आपल्या लोकप्रतिनिधींना, आपला देश ह्या करारांत कां नाहीं, असें समक्ष विचारलें. कॅलिफोर्नियांतील मुलांनीं पेनी म्हणजे तेथील सर्वांत हलकें नाणें सांठवून, अफगाणिस्तानांत सुरुंग काढलेल्या जागेवर शाळा उभारण्यास हातभार लाविला. आणखी कित्येक शाळांनीं सुरुंग हुंगून काढणाऱ्या कुत्र्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. २००१ च्या सुमारास 'सहस्र भोजनांची रात्र' असा एक उपक्रम निघाला होता : आपल्या घरीं स्नेह्यांना जेवावयास बोलवावयाचें, आणि हॉटेलांत गेलों असतों तर जो खर्च झाला असता तो सुरुंगपीडितांसाठीं द्यावयाचा. भोजन व दान ह्यांची सांगड आपल्याकडे कांहीं नवी नाहीं.

हें सर्व ऐकतांना एका बाजूनें आनंद होत होता, आणि दुसऱ्या बाजूनें एक जुनी गोष्ट मनांत सलत होती. ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

१९९३ च्या सप्टेंबरच्या अखेरीस किल्लारीचा भूकंप झाला. सारा महाराष्ट्र हळहळला. आमच्या शाळेंतहि निधि जमविण्याचें ठरलें. प्रत्येक विद्यार्थ्यामागें दहा रुपये. आम्ही तेव्हां तरुण होतों, उत्साही होतों, आणि आपल्या वर्गाचा आंकडा पहिला यावा अशी हांव आम्हांस होती. ज्यांनीं पैसे आणले नाहींत त्यांचीं नांवें आम्हीं फळ्यावर लिहिलीं. रोज एकएक नांव पुसलें जाई. अखेर एकच राहिलें. तो मुलगा तीन दिवस शाळेंतच आला नाहीं. चवथ्या दिवशीं आला, मुठींत घट्ट धरलेली दहाची नोट त्यानें टेबलावर ठेविली, व कांहीं न बोलतां जागेवर जाऊन बसला. आम्हीं त्याचें नांव पुसलें आणि वर्गाला टाळ्या वाजवावयास सांगितलें. आमचा वर्ग पहिला आला.

पुढें कित्येक महिन्यांनीं त्याची आई भेटली. ती चार घरीं पोळ्या करीत असे. ते दहा रुपये तिनें एका घरून उसने आणले होते, हें ती तक्रार म्हणून नव्हे, सहज म्हणून बोलून गेली. त्या मुलानें किल्लारीच्या लोकांना कांहीं दिलें असें आम्हांस आजहि म्हणवत नाहीं. त्यानें आम्हांस दंड भरला. आणि ज्या कारणासाठीं तो भरला, त्याविषयीं आम्हीं वर्गाला सांगितलें तरी काय होतें? किल्लारी कोठें आहे हें नकाशावर दाखविलें नाहीं. जड दगडांच्या भिंतींखालीं माणसें झोंपेंतच कशीं चिरडलीं गेलीं, घरें कशीं बांधावीं म्हणजे तें टळेल, ह्याचा शब्दहि काढला नाहीं. पैसे जमा झाले, पावती फाडली, विषय संपला.

आम्ही संस्कृत शिकविणारे. गीतेच्या सतराव्या अध्यायांतील दानाचे तीन प्रकार आम्हीं किती वेळां फळ्यावर मांडले असतील! स्थळ, काळ व पात्र पाहून, परत फेडीची अपेक्षा न ठेवतां दिलेलें तें सात्त्विक. मोबदल्याच्या आशेनें किंवा मनांत कष्टी होऊन दिलेलें तें राजस. आणि घेणाऱ्याचा अनादर करून दिलेलें तें तामस. फळ्यावर एकीकडे हे तीन प्रकार आणि दुसरीकडे त्या मुलाचें नांव, अशीं दोन्ही आमच्याच हातचीं होतीं, पण त्यांचा मेळ आम्हांस कधीं घालतां आला नाहीं. तैत्तिरीय उपनिषदांत विद्या पुरी झाल्यावर घरीं जाणाऱ्या शिष्याला गुरु निरोप देतो. त्यांत दान कसें द्यावें हें सांगतांना, श्रद्धेनें द्यावें, विनयानें द्यावें, असें म्हणून तो अखेरीस समजून-उमजून द्यावें असेंहि सांगतो. हें शेवटचें कलम आम्हीं अर्थ लावून शिकविलें. त्याचा अर्थ आम्हांस समजला तो आमच्या नातीनें पांचशेंची नोट परत केली तेव्हां.

येथें कोणी विचारील, आणि आमच्या शेजारच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं तसें विचारलेंहि, कीं "मास्तर, आपल्या देशांत का दुःखें थोडीं आहेत, म्हणून कंबोडियाची काळजी वाहावयाची?" प्रश्न रास्त आहे. त्याला आमचें उत्तर असें कीं, हें दुःख परकें नाहीं. २००१ च्या अखेरीस व २००२ सालीं सरहद्दीवर युद्धाचे ढग जमले तेव्हां पंजाब-राजस्थानांतील शेतांत आपल्याहि सैन्याला सुरुंग पेरावे लागले, आणि ते काढून घेईपर्यंत, व कांहीं ठिकाणीं त्यानंतरहि, तेथील शेतकऱ्यांनीं त्याची किंमत मोजली. आपला देश ओटावाच्या करारांत सामील नाहीं. अमेरिका, रशिया व चीन हींहि नाहींत. सुरुंग काढण्याचें शौर्यहि आपल्याला अपरिचित नाहीं. पुण्याजवळ खडकीस ज्यांचें ठाणें आहे त्या बॉम्बे सॅपर्सपैकीं प्रेमींद्रसिंग भगत ह्या तरुण अधिकाऱ्यानें १९४१ सालीं ॲबिसीनियाच्या मोहिमेंत चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रें शोधून साफ करविलीं. वाहन दोनदां उडालें, कानाचा पडदा फाटला, तरी तो थांबला नाहीं. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि ह्याहून मोठी गोष्ट ही कीं, सुरुंगपीडितांना जगांत जी मदत मिळाली तींत हिंदुस्थानचा वाटा मानाचा आहे. जयपूरचे कुशल कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनीं १९६८ च्या सुमारास जो पाय घडविला तो 'जयपूर फूट' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. विलायती कृत्रिम पायाला बूट लागे. त्यानें उकिडवें बसतां येत नसे, मांडी घालतां येत नसे. रबराचा हा पाय अनवाणी चालतो, चिखलांत उतरतो, मांडी घालून जेवावयास बसूं देतो. भात लावणाऱ्या लोकांना हवा तसाच हा पाय! १९७५ सालीं जयपूर येथें भगवान महावीर विकलांग सहायता समिति निघाली व तिनें तो गरिबांना फुकट बसविण्यास आरंभ केला, डॉ. सेठींना १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. हाच पाय पुढें अफगाणिस्तानांत व कंबोडियांत गेला. राजस्थानच्या गरीब शेतकऱ्यासाठीं घडविलेली वस्तु परदेशांतील शेतकऱ्याच्या पायीं लागली. तेव्हां घरचें दुःख आणि बाहेरचें दुःख अशी वांटणी करणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ज्याला घरचें दुःख नीट कळतें त्याचाच उपयोग बाहेरच्याला होतो.

शिवाय हें काम संपत आलें आहे असेंहि नाहीं. २०२३ सालीं जगांत सुरुंगांनीं व तत्सम अवशेषांनीं ५,७५७ माणसें मेल्याची वा जखमी झाल्याची नोंद झाली. त्यांपैकीं शंभरांत ८४ सामान्य नागरिक होते. सर्वांत अधिक नोंद झाली ती आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशांत. आणि २०२५ सालीं फिनलंड, पोलंड, एस्टोनिया, लाटव्हिया व लिथुएनिया ह्या पांच राष्ट्रांनीं रशियाच्या भयानें ह्या करारांतून अंग काढून घेण्याचें ठरविलें. भय खरें असेल. राष्ट्रांच्या संरक्षणाविषयीं आम्हीं घरबसल्या निवाडा देणें शोभणार नाहीं. परंतु आज जो सुरुंग पेरला जाईल त्यावर उद्यां पडणारा पाय कोणाचा असेल हें कंबोडियानें जगाला एकदां दाखविलें आहे.

आतां त्या पंचवीस पायांकडे येऊं. आमच्या शाळांतून निधि जमतो तो आपत्तीच्या आठवड्यांत. वर्तमानपत्रांतील चित्र जुनें झालें कीं डबाहि अडगळींत जातो. मुलाचा पाय मात्र सहा महिन्यांनीं पुन्हा अपुरा पडतो. म्हणून ज्या घरांतील मुलांना असें कांहीं करावेंसें वाटत असेल, त्या घरांतील वडील मंडळींना आमचें नम्र सांगणें असें : मुलाला आपल्या खिशांतून पैसे काढून देऊं नका, त्याला काम द्या. कामाचा दाम ठरवा, आणि ठरल्याहून अधिक देऊं नका. पैसा कोणाकडे, कशासाठीं जावयाचा आहे हें आधीं त्याच्याकडून समजून घ्या. त्याला सांगतां आलें नाहीं, तर दोघांनीं मिळून नकाशा उघडा. कोणाचें नांव कोठें लिहूं नका, दिलेल्याचें नाहीं आणि न दिलेल्याचें तर मुळींच नाहीं. आणि थोडें द्या, पण दरवर्षीं द्या.

नात परत जावयास निघाली त्याच्या आदल्या रात्रीं डबा उघडला. आम्हीं तिघांनीं मिळून पैसे मोजले. सहाशें चाळीस रुपये भरले. तिनें त्याचे डॉलर मनांतल्या मनांत केले आणि तिचा चेहरा उतरला. "आजोबा, ह्यांत एक पायसुद्धां होत नाहीं." आम्हीं म्हटलें, "नाहीं होत, बाळ. म्हणून तर डबा येथेंच ठेवून जा."

तो डबा आमच्या फळीवर आहे. शेजारचीं दोन मुलें संध्याकाळीं आमच्याकडे संस्कृत शिकावयास येतात. त्यांच्याकडून आम्ही आजवर कांहीं घेत नसूं, आतां महिन्याला थोडी दक्षिणा घेतों आणि ती कशासाठीं घेतों हें पहिल्याच दिवशीं त्यांना सांगितलें आहे. त्यांतील धाकट्यानें परवां विचारलें कीं, आपणहि कांहीं काम करून डब्यांत टाकलें तर चालेल काय? त्याला आम्हीं तुळशीवृंदावनाभोंवतालचें गवत काढावयास लाविलें आहे. पुढच्या श्रावणांत नात आली म्हणजे डबा उघडावयाचा असें ठरलें आहे.